सासऱ्यांच्या गाडीचं पुढचं स्प्रॉकेट

माझे सासरे आयुष्यभर लोकांना नापास करण्याचा पगार घेत होते. वाहन परवान्याच्या कार्यालयात ते परीक्षक होते. मैदानात चुन्यानं आठाचा आकडा आखलेला असायचा. उमेदवारानं त्यावरून गाडी फिरवायची आणि सासऱ्यांनी खुर्चीत बसून मान हलवायची, ती आडवी. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी हात हलवत घरी पाठवलेलं आहे. पोटच्या पोराला दोनदा पाठवलं. सासूबाईंना एकदा पाठवलं, तर त्यांनी पुन्हा त्या मैदानाचं तोंड पाहिलं नाही आणि जन्मभर 'मग तुम्हीच नेऊन सोडा' म्हणत त्याचा पुरेपूर सूड घेतला. लग्नाआधी मलाही त्यांनी नापास केलं होतं. हे गृहस्थ पुढे माझे सासरे होणार आहेत हे तेव्हा माहीत असतं, तर मी मैदानावरच चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

अशा माणसाची परीक्षा घ्यायची पाळी माझ्यावर आली, म्हणून त्या रविवारी सकाळी मी खुशीत होते. खोटं कशाला बोलू.

झालं होतं असं की, सासरे चौकात मोटरसायकलवरून पडले. हाड मोडलं नाही, पण कोपर सोलवटलं, गुडघा टम्म सुजला आणि चष्म्याची एक काडी गेली. लोकांनी त्यांना उचलून फुटपाथवर बसवलं तेव्हा गाडीची चेन मागच्या चाकावरून उतरून लोंबत होती. सासरे म्हणाले, चेन उतरली म्हणून मी पडलो. माझा नवरा म्हणाला, तुम्ही पडलात म्हणून चेन उतरली. या दोन वाक्यांपायी आमच्या घरात त्यानंतर किती जेवणं थंड झाली याची गणती नाही.

नवरा एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. लोकांना अपघात होऊ नयेत म्हणून पाट्या लावणं हे त्याचं काम, आणि कामावरून उरलेल्या पाट्या तो घरी आणतो. आमच्या जिन्यात 'कठडा धरून उतरा' लिहिलेलं आहे. गॅसपाशी 'लक्ष विचलित होऊ देऊ नका' आहे. बाथरूममध्येही एक होती, ती सासूबाईंनी खरवडून काढली. म्हणाल्या, आंघोळ करताना कुणी सूचना देतंय असं वाटतं. तर अशा माणसाचा बाप चौकात पडला. तो त्या दिवशी चेन नुसती चाकावर चढवून गाडी ढकलत घरी घेऊन आला, पोर्चमध्ये लावली आणि म्हणाला, "झालं ते झालं. आता ही विकायची."

"का?" सासऱ्यांनी विचारलं.

"वय, बाबा. डोळ्यांनी पाहिलेलं हातापर्यंत पोचायला वेळ लागतो आता."

"माझं सगळं वेळेवर पोचतं. चेन सटकली. पुढच्या स्प्रॉकेटचे दाते झिजलेत. हल्ली माल हलकाच येतो."

हे स्प्रॉकेट म्हणजे काय ते मलाही तेव्हाच कळलं. इंजिनाच्या डाव्या अंगाला, एका झाकणाआड, तळहाताएवढं दातेरी चाक असतं. इंजिन त्याला फिरवतं, ते चेनला ओढतं आणि चेन मागच्या चाकाला. त्याचे दाते झिजले की एका बाजूला कलतात, आकड्यासारखे होतात, आणि मग चेन उड्या मारायला लागते. सासऱ्यांचा सगळा दावा त्या झाकणाआडच्या दात्यांवर उभा होता.

गाडी म्हणजे त्यांना मिरवायला हवी होती असं नाही. त्यांची थोरली बहीण कालव्यापलीकडे एकटी राहते. तिकडे बस जात नाही आणि रिक्षावाले नाक मुरडतात. आत्याबाईंची नजर गेली आहे. सासरे रोज दुपारी जाऊन तिला पेपर वाचून दाखवायचे, मग दोघं मिळून पेपरातल्या सगळ्यांना शिव्या घालायचे, आणि संध्याकाळी ते असे टवटवीत होऊन परत यायचे की सासूबाई विचारायच्या, आज कुणाचा नंबर लागला. पडल्यापासून ते सगळं बंद होतं. फोनचा उपयोग नाही, कारण आत्याबाईंना ऐकूही कमी येतं. फोनवर त्या फक्त 'कोण?' म्हणतात, आणि सासरे 'मी, मी' करत अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडतात. मग फोन ठेवून न वाचलेल्या पेपराची घडी घालत बसतात. ते घडी घालणं मला बघवत नव्हतं.

शेवटी तोडगा निघाला तो जेवणाच्या टेबलावर, थंड भातासमोर. सासऱ्यांनी स्वतः, घरीच, स्प्रॉकेट काढून दाखवायचं. दाते झिजलेले निघाले तर नवं बसवायचं आणि गाडी राहील. दाते शाबूत निघाले तर किल्ली मुलाच्या हातात. निकाल मी द्यायचा, कारण मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. झिजलेला दात मी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखते. नवऱ्यानं मान्य केलं आणि सासऱ्यांनीही केलं. फक्त सासूबाई म्हणाल्या, "निकाल लावायची हौस या घराला रक्तातच आहे."

रविवारी नवरा केस कापायला गेला. 'मी इथे थांबलो तर माझा जीव वरखाली होईल' म्हणाला. जाताना पोर्चच्या खांबावर 'हातमोजे वापरा' अशी पाटी चिकटवून गेला. हातमोजे मात्र ठेवून गेला नाही.

सासऱ्यांनी जमिनीवर जुने पेपर अंथरले. त्यावर पाने, स्क्रू-ड्रायव्हर, छिन्नी, हातोडी, रॉकेलची बाटली आणि तेलकट कागदात गुंडाळलेलं नवं स्प्रॉकेट ओळीनं मांडलं. नव्या स्प्रॉकेटबरोबर एक पातळ पत्र्याची चकतीही होती. शेजारच्या प्लंबरकडून त्यांनी एक लांबलचक लोखंडी पाइप मागून आणला होता. पुस्तकात लिहिलं होतं म्हणे, की स्प्रॉकेटचा नट भयंकर घट्ट असतो, पान्याला पाइप जोडल्याशिवाय तो बधत नाही. ते पुस्तक म्हणजे गाडीबरोबर मिळालेली जाडजूड पुस्तिका. सासऱ्यांनी ती रात्री वाचून काढली होती.

पण कशी वाचली होती ते काम सुरू झाल्यावर समजलं. नोकरीत त्यांना सवय होती, कुणाचेही कागद हातात आले की आधी शेवटचं पान उलटायचं. निकाल तिथे असतो. या पुस्तकातही त्यांनी तेच केलं. त्यामुळे सर्वांत शेवटी करायच्या गोष्टी त्यांनी सर्वांत आधी केल्या. मागच्या चाकाचा दांडा सैल केला, चाक पुढे ढकललं, चेन ओढून खाली पाडली आणि छाती फुगवून माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक उघडून पहिल्या पानावरून वाचायला सुरुवात केली.

"बाबा, नट सोडवायचा तर चेन चढलेली पाहिजे. कुणीतरी मागचा ब्रेक दाबून धरायचा. म्हणजे चाक अडतं, चाकामुळे चेन अडते, चेनमुळे स्प्रॉकेट. नाहीतर पान्याबरोबर सगळंच गरगर फिरेल."

"असं कुठे लिहिलंय?"

"पहिल्याच पानावर."

त्यांनी पुस्तक घेतलं, वाचलं, मिटलं. "छपाई फार बारीक आहे," म्हणाले.

मग चेन पुन्हा चढवली, चाक पुन्हा मागे ओढलं, दांडा पुन्हा आवळला. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले. माझ्या नाकाला नेमकी त्याच वेळी खाज सुटली, त्यामुळे नाकही काळं झालं. सासऱ्यांनी एकदाही चूक कबूल केली नाही, आणि मी एकदाही ती बोलून दाखवायची सोडली नाही.

ब्रेक दाबायला सासूबाईंना बोलावलं. त्या मटार सोलत होत्या, त्या परातीसकट आल्या. गाडी मधल्या स्टँडवर उभी होती, तिच्यावर त्या ऐटीत बसल्या, परात मांडीवर घेतली आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवला.

"मैदानात नाही बसू दिलंत," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "आता बघा, हात न लावता चालवते."

"बोलू नकोस, दाब."

मी गिअरचा दांडा काढला, झाकणाचे स्क्रू काढले आणि झाकण ओढलं. आत चिखल, ग्रीस आणि धूळ यांचा असा काही लगदा बसला होता की स्प्रॉकेट आहे की नाही हेच दिसेना. चाचपडत नट सापडला. त्याच्यावर पाना बसवला, पान्याला पाइप जोडला. सासऱ्यांचं कोपर अजून नीट वळत नव्हतं, म्हणून जोर मी लावायचा असं ठरलं. मी पाइपाच्या टोकाला दोन्ही हातांनी लोंबकळले. सासरे म्हणाले, "एक, दोन, आणि..."

मी जीव खाऊन झोकून दिलं. आणि काहीच अडलं नाही. नट लोण्यातून फिरावा तसा फिरला, पाइप जमिनीवर आपटला, मी त्याच्यावर आपटले, आणि सासूबाई दचकल्या तशी परात उलटून मटार पोर्चभर पसरले.

"ब्रेक सोडू का?" सासूबाईंनी वरून विचारलं.

मी उठून बसले. सासरे उकिडवे बसले होते. त्यांनी पान्याशिवाय, नुसत्या दोन बोटांनी नट धरला आणि फिरवला. बाटलीचं झाकण निघावं तसा तो निघून त्यांच्या तळहातावर आला.

मी रॉकेलचा बोळा घेऊन सगळं पुसून काढलं. नटाखाली ती पातळ चकती होती, नव्या स्प्रॉकेटबरोबर आली होती तशीच. लॉक वॉशर म्हणतात तिला. नट आवळून झाला की तिची कड छिन्नीनं वर वाकवायची आणि नटाच्या अंगाला चिकटवायची, म्हणजे इंजिनाच्या थरथरीनं नट हळूहळू सुटत नाही. पुस्तकात त्याचं चित्र होतं. आमची चकती सपाट होती. तिच्यावर छिन्नीचा साधा ओरखडा नव्हता. दुकानातून आली तशी कोरी. नट थरथरून थरथरून सुटत गेला होता, स्प्रॉकेट दांड्यावर बाहेर सरकलं होतं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला घासून घासून चंद्रकोरीएवढा चकचकीत डाग पडला होता. स्प्रॉकेट वाकडं झालं की चेनही वाकडी धावणार. मग कधीतरी एका चौकात ती उतरणारच.

मी स्प्रॉकेट काढून पुसलं आणि उजेडात धरलं. दाते सरळ, भरलेले, एकसारखे. माझ्याकडे मापं द्यायला येणाऱ्यांना असे दात असते तर माझी नोकरी कधीच गेली असती.

"शाबूत आहेत," मी म्हणाले. "पण बाबा, हरलात कुठे? चेनच उतरली होती. तुम्ही म्हणत होतात तेच खरं."

सासरे त्या चकतीकडे बघत होते. आणि मग मलाही आठवलं.

मागच्या उन्हाळ्यात ते स्प्रॉकेट माझ्या नवऱ्यानं बसवलं होतं. सुट्टी टाकून, याच पोर्चमध्ये, मोबाइल विटेला टेकवून, व्हिडिओ बघत बघत. बापासाठी नवं कोरं चेन-स्प्रॉकेट आणलं होतं. काम झाल्यावर सासऱ्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली, उतरले आणि म्हणाले, "पास." एवढंच. पण त्या घरात तो शब्द त्याआधी कुणी ऐकला नव्हता. माझा नवरा चाळिशीचा बाप्या, त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "ऐकलंस का, बाबा काय म्हणाले?" मी भाजी चिरत होते. मी म्हटलं, ऐकलं. तर म्हणाला, "नीट ऐकलंस ना?"

"आपण सांगायचं," मी आता सासऱ्यांना म्हणाले. "खरं ते सांगायचं. गाडी तुमची राहील."

"काय सांगायचं?"

"की नट सैल होता."

"कुणी सैल ठेवला, असं तो विचारेल."

"मग विचारू दे. तुम्ही मरता मरता वाचलात त्याच्या निष्काळजीपणानं, आणि तोच तुम्हाला वयावर व्याख्यानं देतोय. मला तर संताप येतोय, बाबा. तुम्हाला कसा येत नाही?"

"येतोय की." त्यांनी चकती पेपरावर ठेवली, नट तिच्या शेजारी ठेवला. "पण तू निकाल कशाचा द्यायचा होतास? दात्यांचा. नटाचा ठराव झालाच नव्हता. दाते शाबूत आहेत. संपला विषय."

"अहो, पण आत्याबाई?"

त्यांनी खाली वाकून मटार गोळा करायला घेतले. काळ्या हातांनी, एकेक करून. सासूबाई गाडीवरच बसून होत्या, पाय अजून ब्रेकवर. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला वाटलं त्या तरी माझ्या बाजूनं बोलतील, पण त्या म्हणाल्या, "त्या 'पास'चं त्यानं माझ्या माहेरीसुद्धा कळवलं होतं. मामाला फोन करून." आणि नाक ओढलं.

आयुष्यभर दुसऱ्याच्या बारीकसारीक चुका खुर्चीत बसून टिपणारा हा माणूस. आता डोंगराएवढी चूक हातात आली होती, तीही स्वतःच्या बाजूची, आणि तो ती गिळायला निघाला होता. मला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्यांच्याबद्दल इतकी माया मला त्याआधी कधी वाटली नव्हती, हेही सांगून टाकते.

तेवढ्यात नवरा आला. मोटरसायकल फाटकात लावून, ताज्या कापलेल्या केसांतून हात फिरवत, सगळ्यांकडे बघत उभा राहिला. माझं काळं नाक, आईच्या मांडीवरची रिकामी परात, बापाच्या मुठीतले मटार.

"काय निघालं?"

"दाते शाबूत आहेत," सासरे म्हणाले. त्यांनी स्प्रॉकेट उचलून त्याच्यापुढे धरलं. "बघून घे. माझाच तोल गेला असणार." आणि खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

नवरा जिंकला होता, पण त्याला जिंकताही धड येईना. त्यानं किल्ली मुठीत धरली, खिशात टाकली आणि बोलायला लागला. बाबा, वाईट वाटून घेऊ नका. यात कमीपणा काही नाही. आमच्या कारखान्यात तर ठरावीक वयानंतर माणसाला क्रेनवर बसूच देत नाहीत. बहुतेक अपघात माणसाच्या चुकीनं होतात, यंत्र बिचारं निर्दोष असतं. तो बोलत होता आणि सासरे खाली मान घालून ऐकत होते, आणि माझ्या हातात नेमका तो पाइप होता. तो मी काळजीपूर्वक भिंतीशी नेऊन ठेवला.

"आणि आत्याची काळजी करू नका," नवरा म्हणाला. त्याचा आवाज आता खरोखरच मऊ झाला होता. "मी सोडत जाईन तुम्हाला. चला, आत्ताच जाऊ. किती दिवस झाले. हात धुवा आणि बसा माझ्या मागे."

सासऱ्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा खुलला होता. मग त्यांची नजर फाटकात उभ्या असलेल्या मुलाच्या गाडीवर गेली आणि तिथेच थांबली. मीही तिकडे पाहिलं. त्याच सुट्टीत, त्याच पोर्चमध्ये, तोच व्हिडिओ बघत त्यानं स्वतःच्या गाडीचंही स्प्रॉकेट बदललं होतं. आधी स्वतःच्याच गाडीचं, हात बसावा म्हणून. रोज मी त्या गाडीवर मागे बसून लॅबला जाते. रोज तो त्या गाडीवरून हमरस्त्यानं, ट्रकांच्या रांगेतून कारखान्यात जातो.

"तुझी गाडी इकडे घे," सासरे म्हणाले.

"का?"

"झाकण उघडायचंय."

"माझ्या गाडीचं? तिला काय झालंय?"

"घे म्हणतो ना इकडे."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याला हरल्याचं लागलंय, समजून घे, असा त्याचा चेहरा होता. "बाबा, ते काम मी स्वतः केलंय," तो हळूच म्हणाला. "तुमच्या गाडीसारखंच. आणि तुम्ही तपासलंही होतंत."

सासरे नुसते हात पुढे करून उभे राहिले. त्या हाताच्या कोपरावरची खपली अजून तशीच होती. माझ्या नवऱ्यात शंभर दुर्गुण असतील, पण बापाचा तसा हात बघून वाद घालण्याचा त्यात नाही. त्यानं गाडी आणून स्टँडवर लावली, नवा शर्ट सांभाळत खाली बसला आणि झाकणाचे स्क्रू काढले.

झाकण निघालं. त्यानं चिंधीनं आतलं पुसलं. त्याला आधी काही दिसलंच नाही. काय बघायचं ते माहीत असायला हवं ना. सासरे त्याच्या शेजारी बसले. त्याचा हात त्यांनी धरला आणि त्याचीच बोटं नटावर नेऊन ठेवली.

नट हलला. आमच्याइतका नाही, पण अर्धा वळसा, बोटांनी.

नवऱ्यानं नट परत आवळला, परत सोडला. मग तो नटाखालच्या चकतीकडे बघायला लागला, आणि तिथून त्याची नजर पेपरावर गेली. तिथे बापाच्या गाडीची चकती पडली होती. ती त्यानं उचलली, उलटीसुलटी केली, दोन्ही चकत्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. पुस्तक उघडंच होतं. चित्र त्याला मी दाखवलं नाही, ते त्यानंच पाहिलं.

"ही वाकवायची असते?" त्यानं विचारलं.

मी मान डोलावली.

"मला वाटलं ती आपोआप दबते."

मग तो उठला, बापाच्या गाडीपाशी गेला आणि तिचं झाकण उचलून आतून बघायला लागला. घासल्याच्या त्या चकचकीत डागावर त्यानं अंगठा फिरवला. तिकडे तोंड करूनच त्यानं विचारलं, "बाबा, तुमचा नटही सैल होता?"

"होता."

"किती?"

"हातात आला."

जगातल्या सगळ्या पाट्या लिहिणारा माझा नवरा खांबाला टेकून खाली बसला. रडला नाही, पण रडला असता तर बरं झालं असतं असा त्याचा चेहरा झाला होता. नव्या शर्टाला ग्रीस लागलं तेही त्याला कळलं नाही. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटत होती. दोन्ही मी नंतरसाठी राखून ठेवलं.

"तुम्हाला कळलं होतं," तो म्हणाला. "मी आलो तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मी ते सगळं बोलत होतो, वय काय, क्रेन काय, तेव्हाही. मग गप्प का बसलात? गाडी गेली असती तुमची. आत्याकडे जाणं गेलं असतं."

सासऱ्यांनी छिन्नी उचलली, तिची धार अंगठ्यावर तपासली. त्यांना असल्या गोष्टी बोलता येत नाहीत. परीक्षकाला सवय नसते.

"गाडी दुसरी मिळते," ते म्हणाले. "मुलगा एकच आहे. तोही असला."

सासूबाई फिसकन हसल्या आणि लगेच पदरानं डोळे पुसायला लागल्या. नवरा हसला नाही. त्यानं खिशातली किल्ली काढून सासऱ्यांच्या शेजारी पेपरावर ठेवली, बाह्या वर सारल्या आणि आपल्या गाडीचा ब्रेक हातानं दाबून धरला.

"आवळा," तो म्हणाला. "मग कड कशी वाकवायची ते दाखवा. दुसऱ्या गाडीची मी वाकवतो, तुम्ही बघा."